छताला लटकलेली पावलं

खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला आपल्या कामाची थोडीफार घमेंड असतेच, पण कानवाल्याला ती जरा जास्तच होती. असायला जागाही होती म्हणा. बाकीचे लोक कोळसा फोडायचे, भरायचे, ओढायचे. हातपाय धड असलेला कुणीही माणूस ते सहा महिन्यांत शिकतो. कानवाला मात्र ऐकण्याचा पगार घ्यायचा. सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी तो एकटा बोगद्यात शिरायचा आणि लोखंडी टोक बसवलेल्या लांब काठीने डोक्यावरचं छत वीत वीत ठोकत पुढे सरकायचा. घट्ट खडक टण्ण वाजतो. सुटायला आलेला खडक भद्द वाजतो, रिकाम्या पिंपासारखा. या दोहोंच्या मधे आणखी वीस-पंचवीस आवाज असतात, आणि ते ओळखणारा माणूस शंभरात एखादा निघतो. छत चांगलं असेल तिथे तो खडूने बरोबरची खूण करायचा. ती खूण झाल्याशिवाय मुकादमसुद्धा आत पाय टाकत नसे.

एकतीस वर्षं त्याने हे काम केलं. या एकतीस वर्षांत त्याच्या खुणेखाली एकही माणूस दगावला नव्हता. खाणीत कुणी कुणाचं तोंडावर कौतुक करत नाही, पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावून सांगत, "ते कानवाले. त्यांच्यापुढे जायचं नाही." त्याचं खरं नाव पगाराच्या यादीत होतं. एरवी कुणाला त्याची गरज पडत नव्हती.

या खाणीचं छत मात्र इतर खाणींसारखं नव्हतं. त्याला पाय होते.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही थाप वाटते, म्हणून नीट सांगायला हवं. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे दलदल होती आणि तिच्यातून डायनोसॉर ये-जा करायचे. पाय चिखलात रुतायचा, खड्डा पडायचा, पुराची वाळू येऊन त्या खड्ड्यात बसायची. पुढे दलदलीचा कोळसा झाला आणि वाळूचा दगड. माणसांनी खालून कोळसा काढून घेतला, आणि वर छताला लटकून राहिले ते दगडाचे तळपाय. तीन जाड बोटं, मागे टाच, दीड हात लांब. खालून बघणाऱ्याला वाटावं की वरच्या मजल्यावरून कुणीतरी चाललंय आणि मधली फरशीच कुणी काढून नेली आहे.

नवे लोक ते बघून हसायचे. जुने हसत नसत. पाऊल आणि छत यांच्या मधे गुळगुळीत मातीचा पापुद्र्याएवढा थर असतो. बाकीचा खडक पडायच्या आधी काही ना काही कुरकुर करतो, खडे टाकतो, धूळ सोडतो. पाऊल काही सांगत नाही. दोन माणसांच्या वजनाचा तो दगड जसाच्या तसा खाली येतो. ज्या म्हाताऱ्याने कानवाल्याला हे काम शिकवलं तो असाच गेला. सगळं छत ठोकून झालं होतं, एवढं एक पाऊल राहिलं होतं, आणि डबा उघडून तो नेमका त्याच्याच खाली टेकला. तेव्हापासून खाणीत नियम झाला. पाऊल दिसलं की कानवाल्याने त्याभोवती खडूचं कडं करायचं, दोन टेकू लावायचे, आणि त्याच्याखाली कुणी बसायचं नाही, थांबायचं नाही.

"शिंकायचंसुद्धा नाही," असं कानवाल्याचा मेव्हणा त्यात आपल्या पदरचं घालायचा.

हा मेव्हणा म्हणजे खाणीतला सगळ्यात बोलका माणूस. अगदी शेवटाला, कोळशाच्या भिंतीशी उभं राहून भोकं पाडायचं काम त्याच्याकडे होतं. कानवाल्याचं लग्न झालं तेव्हा हा सहा वर्षांचा होता. बहिणीच्या पदराला धरून रडत रडत तिच्या सासरी आला आणि जवळजवळ तिथेच वाढला. त्याला खाणीत चिकटवून दिलं तेही कानवाल्यानेच. लहानपणापासून त्याची दार वाजवायची एक तऱ्हा होती: दोनदा, मग जरा थांबून एकदा. इतकं मोठं घोडं झालं तरी ती सवय गेली नव्हती.

आणि असा हा कानवाला बहिरा होत चालला होता.

आधी चिमण्या गेल्या. त्याला वाटलं, अंगणात येणंच बंद झालं असेल त्यांचं. मग नळाचं ठिबकणं गेलं, मग घड्याळ. आणि एका सकाळी बोगद्यात काठी छताला लागली तेव्हा त्याला टण्ण आणि भद्द यांतला फरकच कळेना. कानात एक बारीक गुणगुण तेवढी चालू होती. तो तिथेच खाली बसला. त्या दिवशी त्याने कसंबसं डोळ्यांनी छत तपासलं आणि खुणा करून बाहेर आला. कुणाला काही कळलं नाही, आणि हेच वाईट झालं, कारण दुसऱ्या दिवशीही तसंच करता आलं.

बायकोला कळायला मात्र वेळ लागला नाही. एका रविवारी तो दाराला अगदी लागून बसला होता आणि दार वाजलं. तो हलला नाही. शेवटी तिनेच येऊन उघडलं. बाहेर मेव्हणा.

"दाजी, घरात घ्यायचं नसेल तर तसं सांगा. पायरीवर जेवतो."

सगळे हसले, कानवालाही हसला. भाऊ जेवून गेल्यावर ती कानवाल्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो, घराला आग लागलीय."

तो वर्तमानपत्राची घडी घालत होता. ती त्याने नीट पूर्ण केली.

ती समोर आली. "कधीपासून?"

"कशाचं कधीपासून?"

"मला शेंड्या लावू नका. मी मागे उभी राहून काय बोलले, सांगा."

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, मुकादमाला केव्हा सांगणार.

"सांगितलं तर उद्यापासून दिव्यांच्या खोलीत बसवतील. एकतीस वर्षं लोक माझ्या तोंडाकडे बघून आत जातात, आणि आता बसून काचा पुसू?"

"माझा भाऊ त्या छताखाली असतो."

"मनगटाला कळतं मला."

हे अर्धं खरं होतं. साधा खडक सुटायला आला की काठीतून एक आळशी थरथर मनगटात उतरते, आणि इतक्या वर्षांत ती ओळखायला तो शिकला होता. पावलांचं मात्र मनगटाला काही कळत नव्हतं. त्यासाठी त्याने दुसरीच युक्ती काढली होती आणि तिच्यावर तो मनातून फार खूश होता.

झालं होतं असं की मधे एक बाई संग्रहालयातून आल्या होत्या. मुकादमाने त्यांना कानवाल्याच्या हवाली केलं. तीन दिवस त्या बोगद्यात उताण्या पडून छताची चित्रं काढत होत्या. एका लांबलचक बोगद्यात एकाच प्राण्याची पावलं ओळीने होती: उजवं, डावं, उजवं, डावं. बाईंनी फीत लावून दाखवलं. दोन पावलांमधलं अंतर दर वेळी तेच, तीन हात आणि वर चार बोटं.

"हा एकटा होता," बाई म्हणाल्या. "झाडपाला खाणारा. पावलाच्या चौपट धरा, एवढ्या उंचीवर त्याची कंबर. आणि बघा, कसा सावकाश चाललाय. काही घाई नाही त्याला."

"आणि घाई असती तर?"

"मग पावलं लांबली असती. पळायला लागला की लांबतात." त्यांनी वही मिटली. "आणि एवढं मोठं जनावर उगाच पळत नाही. कुणीतरी मागे असतं."

बाई गेल्यावर कानवाल्याने एक दोरी घेतली आणि तीन हात चार बोटांवर गाठी मारल्या. बोगदा त्याच दिशेने पुढे सरकत होता. कोळसा काढला तरी छताला कोळशाचीच वीतभर जाडीची साल राहते आणि तिच्याआड पाऊल दिसत नाही. शेवटच्या पावलापासून दोरी लावायची, गाठ जिथे येईल तिथे साल खरवडायला सांगायची, की आत पाऊल हजर. सहा आठवडे एकदाही चूक झाली नाही. लोक तोंडात बोटं घालत. सालीच्या आतलं ऐकू येतं म्हणे यांना. कानवाला दोरी खिशात कोंबायचा आणि काही बोलायचा नाही. न बोलण्याने आपली कीर्ती वाढते हे त्याला चांगलं कळत होतं. आपण एका मेलेल्या जनावराच्या चालीवर विसंबून जिवंत माणसं आत पाठवतो आहोत, हा विचार तो मनात येऊ देत नव्हता. त्या प्राण्यावर त्याचा जीव जडला होता, हेही खरं. बिचारा रोज गाठीवर पाय ठेवायचा.

एका सोमवारी पाऊल गाठीच्या चार बोटं पुढे निघालं.

त्याने ते मोजण्यातली चूक म्हणून सोडून दिलं. पुढचं वीतभर पुढे निघालं. त्याच्या पुढचं दीड वीत. बुधवारी छताची साल एका ठिकाणी आपोआप गळून पडली आणि आत दोन मोठ्या पावलांच्या मधे तिसरंच पाऊल दिसलं. हे सडपातळ होतं, निम्म्या आकाराचं, बोटांच्या टोकांना नखांचे खोल ठसे. कानवाला दिवा वर धरून त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मोठं जनावर पळत होतं, आणि आपली दोरी या दुसऱ्याला ओळखत नाही.

"दाजी, हा कोण नवा भाडेकरू?" मेव्हण्याने मागून येऊन वर बघत विचारलं असावं. कानवाल्याने ओठांवरून तेवढं जुळवलं आणि नुसती मान हलवली.

गुरुवारी सकाळी तो बुटांच्या नाड्या बांधत होता तेव्हा बायको त्याच्यासमोर पायरीवर बसली, मुद्दाम तोंड त्याच्याकडे करून.

"झोपेत तुम्ही बोटांनी मोजत होतात," ती म्हणाली. "आज सांगा त्यांना. नाहीतर मी येऊन सांगते."

"सांगतो."

"माझ्याकडे बघून सांगा."

"आज सांगतो गं," तो म्हणाला, आणि तेव्हा त्याचा तसा विचारही होता.

बोगद्याच्या शेवटाला चौघांची टोळी काठ्या-कुदळींवर रेलून वाट बघत होती. मेव्हणा पुढे, ड्रिल खांद्यावर. मुकादम घड्याळाकडे बघत होता. कानवाल्याने दोरी लावली, गाठीच्या पुढे दोन विती धरल्या, आणि साल खरवडायला सांगितली. साल निघाली. आत सपाट छत.

आणखी हातभर पुढे खरवडलं. सपाट. डावीकडे, उजवीकडे. सपाट.

आता हे चांगलं की वाईट? बाकीच्यांना चांगलं वाटलं. पाऊल नाही म्हणजे टेकू नकोत, वेळ वाचला. कानवाल्याने मात्र दोरी पुन्हा लावून पाहिली. पाऊल जिथे असायला हवं तिथे नाही, तर ते दुसरीकडे कुठेतरी आहे. एवढ्या मोठ्या जनावराने ते कुठेतरी टेकवलं असणारच. पुढच्या चार-पाच हातांत, त्या काळ्या सालीच्या आत, कुठेही. सगळी साल काढायची तर दिवस जाणार. त्याने काठी घेतली आणि पुढचं छत ठोकलं. मनगटात काही उतरलं नाही. कानात तीच गुणगुण. त्याने मागे पाहिलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, जसे एकतीस वर्षं बघत आले होते.

मुकादम काहीतरी म्हणाला. दोन दिवस या तुकड्यात गेले, असं काहीसं. मेव्हणा पुढे झुकून, तोंड मोठं उघडून म्हणाला, "काय दाजी, काय म्हणतंय छत? आमच्यासाठी काही निरोप?"

टोळी हसली.

माणूस भित्रा असतो तेव्हा मरणाला भीत असेल असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तो चार ओळखीच्या माणसांसमोर तोंडघशी पडण्याला भीत असतो. कानवाल्याने खिशातून खडू काढला आणि छतावर बरोबरची खूण केली.

तिथून तो मागे दोनशे पावलांवर, मुकादमाच्या फळ्यांच्या खोलीपाशी येऊन बाकावर बसला. तासभर बसला. चहा आला, तो निवला. त्याला एकसारखं दिसत होतं ते सहा वर्षांचं पोर, बहिणीचा पदर मुठीत धरलेलं. शेवटी तो उठला आणि खोलीत गेला. मुकादम वहीत लिहीत होता. दारात दोन लोहार टेकूचे खिळे वेचत उकिडवे बसले होते.

"एक सांगायचं होतं," कानवाला म्हणाला.

मुकादमाने मान वर केली. शब्द तयार होते, रस्ताभर घोकले होते. तो तोंड उघडणार तेवढ्यात मुकादमाचं पेन थांबलं आणि त्याचं डोकं झटक्यात बोगद्याच्या दिशेला वळलं. दारातल्या दोघांची डोकीही वळली, त्याच दिशेला, त्याच क्षणी. कानवाल्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग बुटांच्या तळव्यांना हिसका बसला, दिवा झुलला, आणि दारातून काळी धूळ आत आली.

टोळीतले तिघे खोकत, एकमेकांना धरून बाहेर आले. चौथा भिंतीशी होता. पाऊल एकटं आलं नव्हतं, सोबत छताचा मोठा तुकडा घेऊन आलं होतं आणि बोगदा वरपासून खालपर्यंत बुजला होता. ढिगाच्या माथ्यावर तेच पडलं होतं, उलटं, तीन बोटं वर करून. कानवाल्याने बघितलं आणि त्याला कळलं. वर छतात राहिलेली त्याची खाच ओळीला आडवी होती. मोठं जनावर पळता पळता गर्रकन वळलं होतं आणि मागच्याकडे तोंड करून उभं ठाकलं होतं. म्हणून ते गाठीवर सापडलं नाही.

मुकादमाने हात वर केला तशी सगळी यंत्रं बंद झाली. लोकांनी कानवाल्याला वाट करून दिली. कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे सरकवलं.

"कानवाले, कान लावा," मुकादम अगदी त्याच्यासमोर येऊन म्हणाला. "आतून ठोकतोय का बघा. तुमच्याइतकं कुणाला ऐकू येणार नाही."

तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने दगडाला कान लावला. दगड गार होता. कानात गुणगुण. त्याने दुसरा कान लावला. मागे वीस माणसं श्वास धरून उभी होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. होय म्हणावं? नाही म्हणावं? सकाळी एकदा अंदाजाने बोलून झालं होतं, आणि त्याचं फळ हे समोर होतं.

तो उठून उभा राहिला.

"मी बहिरा आहे," तो म्हणाला. आवाज किती मोठा निघाला ते त्याला कळलं नाही. "तीन-चार महिने झाले. सकाळची खूण मी अंदाजाने केली. दुसऱ्या कुणाला तरी ऐकायला सांगा. लवकर."

कुणी काही बोललं असेल तर त्याला ते कळलं नाही. मुकादमाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मात्र त्याला चांगलं वाचता आलं, आणि ते त्याला जन्मभर पुरणार होतं. पण रागवायला वेळ नव्हता. मुकादमाने त्याला बाजूला सारलं, गुडघे टेकले, दगडाला कान लावला आणि डोळे मिटले.

आता कानवाला त्याच्या तोंडाकडे बघू लागला. इतकी वर्षं लोकांचा जीव असा टांगणीला लागायचा हे त्याला कधी ठाऊकच नव्हतं. मुकादमाची पापणीसुद्धा हलली नाही. एकाने पुढे यायला पाय उचलला, दुसऱ्याने त्याला दंडाला धरून थांबवलं.

मग मुकादमाने एक बोट वर केलं. दुसरं केलं. हात तसाच हवेत राहिला. आणि जरा थांबून, आणखी एक.

दोनदा, मग एकदा. आपल्या घराचं दार वाजत होतं, आणि या वेळी तरी ते उघडायला हवं होतं.

सगळ्यांची एकच धावपळ उडाली. फावडी आली, घमेली आली, टेकू आणायला माणसं पळाली. पण ढिगाला हात घालायच्या आधी मुकादमाने दिवा वर धरला आणि सगळ्यांनी मान वर केली. छताचा तुकडा निघाला होता तिथे आत, ताजी उघडी पडलेली, सडपातळ पावलं होती. एक नव्हे, पाच-सहा. नखं आत वळलेली, वेगवेगळ्या बाजूंनी आलेली, मोठं जनावर जिथे उभं ठाकलं होतं त्या जागेभोवती. ढीग उपसायचा तर त्यांच्याच खाली उभं राहायला लागणार होतं.

सवयीने, खरोखर केवळ सवयीने, मुकादमाने कानवाल्याकडे पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं.

"मला माहीत नाही," कानवाला म्हणाला. एकतीस वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारलं. "टेकू येईपर्यंत कुणी पुढे येऊ नका. ओळ करून मागे उभे राहा."

त्याने जवळच्या माणसाच्या हातातलं घमेलं घेतलं, त्या नखांच्या बरोबर खाली जाऊन उभा राहिला आणि वर न बघता दगड भरायला लागला.